एक झोका आत, दोन झोके बाहेर

आमच्या कारेलीबागेतल्या टेनामेंटमध्ये वरच्या हॉलात एक झोपाळा आहे. सासऱ्यांनी दांडिया बाजारातलं जुनं घर सोडलं तेव्हा बाकीचं सामान टेम्पोत टाकलं, पण झोपाळ्याचा सागवानी पाट मात्र दोन माणसं सोबत घेऊन स्वतः वाहून आणला, असं आई अजून सांगतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८२. शेजारपाजारचे त्याला हिंचको म्हणतात आणि बडोद्यात चार पिढ्या काढल्यावर आम्हीही निम्म्या वेळा हिंचकाच म्हणतो. त्याच्या चार पितळी कड्यांपैकी मागची डावी कडी वाजते. झोपाळा मागे गेला की ‘कुर्र’, पुढे आला की काही नाही. पुन्हा मागे, पुन्हा कुर्र.

श्वासाबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्या कुर्रपासून सुरू होतं.

२०२४ साली गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती. पाऊस दोन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता. वरून आजवा तलावाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदी फुगली. तिची धोक्याची पातळी २५ फूट, त्या वेळी ती ३५ फुटांच्याही वर गेली. २७ च्या संध्याकाळपर्यंत आमच्या खालच्या मजल्यावर गुडघाभर पाणी होतं. वीज गेलेली. मुलगा पुण्यात, हे कामासाठी बाहेरगावी अडकलेले, घरात मी आणि आई. डाळ-तांदूळ, औषधं, पाण्याची भांडी, देव, जे हाताला लागलं ते घेऊन आम्ही वर आलो. जिन्याच्या एकेका पायरीवर पाणी चढताना मी टॉर्चने बघत होते. बडोदेकरांना पुराबरोबर आणखी एक भीती असते, कारण आमच्या नदीत मगरी शेकड्यांनी आहेत आणि पाणी सोसायट्यांत शिरलं की त्याही येतात. खाली काहीतरी धाडकन आपटलं. फ्रिज पाण्यावर तरंगून आडवा झाला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मात्र आईंनी माझं मनगट धरलं आणि त्यांचा श्वास चढला.

चढला म्हणजे कसा, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. खांदे वर, गळ्याच्या शिरा ताठ, तोंड उघडं, आणि भराभर लहान लहान श्वास, सगळे आत, बाहेर जणू काही जातच नव्हतं. “हाताला मुंग्या आल्यात गं,” त्या म्हणाल्या. मग ओठ बधिर झाल्यासारखे वाटायला लागले. मी तेच केलं जे जन्मभर प्रत्येकाला सांगत आले होते.

“आई, खोल श्वास घ्या. घ्या, अजून घ्या.”

“घेतेय गं. आतच जात नाहीये.”

मी जितकं ‘घ्या’ म्हणत होते तितक्या त्या अधिक घाबरत होत्या. फोनमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना चौथ्या खेपेला फोन लागला. त्यांनी आधी धडाधड प्रश्न विचारले. छातीत दुखतंय का, दडपल्यासारखं होतंय का, दंडात किंवा जबड्यात कळ येतेय का, घाम फुटलाय का, तोंड वाकडं झालंय का, बोलणं अडखळतंय का. सगळ्याला नाही. आधी दमा आहे का? नाही. मग ते म्हणाले, “वहिनी, त्यांना घ्यायला सांगू नका. सोडायला सांगा. गरम चहा फुंकतो तसं. घेणं आपसूक होईल. तरीही अर्ध्या तासात उतरलं नाही तर मला परत फोन करा, काहीतरी सोय बघू.”

सोडायला सांगा. एवढं साधं वाक्य मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मी आईंच्या पदराखाली हात घालून आधी परकराची नाडी सैल केली. बायकांना हे लिहून सांगायला हवं. पोटावर आवळलेली गाठ असली की श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली सरकायला जागाच राहत नाही आणि सगळा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. नाडी सुटल्याबरोबर त्यांचं पोट हललं. मग त्यांना झोपाळ्यावर बसवलं, शेजारी मी बसले, पायाने हलका रेटा दिला. अंधारात कडी वाजली. कुर्र.

“आई, ओठांचा चंबू करा. बशीतला चहा निववतो तशी फुंकर घाला. कडी दोनदा वाजेपर्यंत फुंकत राहा.”

पहिल्या खेपेला त्यांची फुंकर अर्ध्यावरच तुटली. दुसऱ्यांदाही तुटली. मी काही बोलले नाही, स्वतःच फुंकायला लागले, आवाज करून, म्हणजे त्यांना ऐकू येईल. चौथ्या-पाचव्या वेळी आमच्या दोघींच्या फुंकरी जुळल्या. एका झोक्यात श्वास आत, दोन झोक्यांत बाहेर. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की त्यांच्या बोटांची माझ्या मनगटावरची पकड सुटली आणि त्या म्हणाल्या, “देवापाशी निरांजन लावलंस का?”

नंतर, घर धुऊन-पुसून झाल्यावर, मी त्या झोपाळ्याचं गणित करून बघितलं. मोबाइलचं घड्याळ लावून मोजलं तर २० झोक्यांना साधारण ६० सेकंद लागतात. म्हणजे एक झोका, जाऊन-येऊन, ३ सेकंदांचा. रेटा थोडा जोरात दिला तरी त्यात फारसा फरक पडत नाही, कारण लंबकाचा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो, हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. घाबरलेल्या माणसाला मनात आकडे मोजायला सांगितलं तर तो भीतीच्याच वेगाने मोजतो, एक-दोन-तीन-चार, गाडी पकडायची असल्यासारखे. झोपाळा मात्र आपल्या भीतीला भीक घालत नाही. तो आपल्याच चालीने जातो. तीन सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा-सात श्वास. एरवी स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० होतात.

हा सहाचा आकडा मला नंतर वाचताना पुन्हा भेटला. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला होता. माळ ओढत लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ या बौद्ध मंत्राचा जप करणाऱ्यांचा श्वास त्यांनी मोजला. दोन धर्म, दोन भाषा, आणि दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येत होता. वाचलं आणि मला आमच्या घरातली तिन्हीसांज आठवली. रामरक्षेचे बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत, अर्ध्या श्लोकात १६ अक्षरं. एका दमात एक ओळ म्हणायची, मग क्षणभर थांबून नाकाने श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. लहानपणी ती पाठ म्हणताना आम्हाला कोणी श्वासाचा व्यायाम शिकवतोय असं वाटलं नव्हतं. पण बोलणं आणि गाणं हे दोन्ही बाहेर जाणाऱ्या श्वासावरच होतं. स्तोत्र म्हणणाऱ्याला श्वास लांबवर सोडावाच लागतो, त्याला दुसरा इलाजच नसतो.

सोडण्यात असं काय आहे? आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. हे प्रत्येक श्वासाला होत असतं. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेऊन-सोडून बघा, पुष्कळांना स्वतःलाच जाणवतं. ठोक्यांना लगाम घालणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूपासून निघून मानेतून, छातीतून पोटापर्यंत जातो, आणि श्वास सोडताना त्याचा जोर चालतो. सोडण्याचा काळ वाढवला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. हृदयाला ‘हळू चाल’ असा हुकूम आपल्याला थेट देता येत नाही. पचनाला देता येत नाही, घामाला देता येत नाही. श्वास मात्र आपला आपण चालतो आणि सांगितलं तर ऐकतोही. शरीराच्या आतल्या घरात शिरायला एवढा एकच दरवाजा बाहेरून उघडतो.

आणि आईंना ‘घ्या, घ्या’ म्हणणं चुकीचं का होतं, तेही कळलं. भराभर श्वासांनी प्राणवायू कमी पडत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो, शंभरात पंचाण्णवच्या वर, म्हणून आणखी ओढून फार काही साधत नाही. उलट अंगातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि गंमत म्हणजे गुदमरल्यासारखंच वाटतं. म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो. त्यात मी शेजारी बसून ‘अजून घ्या’ म्हणत होते. भरलेल्या हंड्यात पाणी ओतत होते.

माझ्या आजीला, माहेरच्या, सुस्कारे टाकलेले खपत नसत. “भरल्या घरात सुस्कारे टाकू नयेत,” असं ती दटावायची, आणि आम्ही मुली अर्धा सुस्कारा तसाच गिळायचो. आजीवर माझा जीव होता, पण या एका बाबतीत मी तिच्याशी सहमत नाही. आपण सगळेच नकळत दर काही मिनिटांनी एक मोठा श्वास घेऊन सोडत असतो. फुप्फुसांतल्या मिटत आलेले बारीक फुगे त्याने पुन्हा उघडतात. तो शरीराचा स्वतःचा बंदोबस्त आहे. माझी नात चार वर्षांची आहे. ती भोकाड पसरून रडली की शेवटी शांत होताना तिच्याकडे बघावं. लागोपाठ दोन हुंदके आत, ‘हुं-हुं’, आणि मग एक लांबलचक ‘हाऽऽ’. तिला कोणी शिकवलेलं नाही. हेच मोठ्यांना करता येतं. नाकाने एक श्वास, तो पुरा झाला असं वाटतंय तोच त्यावर आणखी एक छोटा, आणि मग तोंडाने अगदी सावकाश सगळा बाहेर. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटं, महिनाभर, लोकांकडून श्वासाचे वेगवेगळे प्रकार करून घेतले. मन हलकं होण्याच्या बाबतीत हा सुस्काऱ्याचा प्रकार नुसतं ध्यान करण्यापेक्षाही सरस ठरला. आपल्या भाषेत ‘रडून मोकळी झाली’ म्हणतात, त्यातलं मोकळं होणं बहुधा या शेवटच्या ‘हाऽऽ’मध्ये असतं.

दम हा शब्द आपण किती परींनी वापरतो! दम लागतो, दम निघत नाही, दम धरतो, दम भरतो, एका दमात सांगून टाकतो. आणि घाईला आलेल्या माणसाला म्हणतो, ‘जरा दम खा’. खाणं म्हणजे चावून, वेळ घेऊन, जिरवणं. मला हा वाक्प्रयोग फार शहाणा वाटतो, आणि हल्ली कोणी तसं म्हटलं की मी खरोखरच थांबते.

बडोद्याचं आणि या विद्येचं नातं जुनं आहे. इथून जवळच्या डभोईत १८८३ साली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत घडला, बडोदा कॉलेजात शिकला. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्याने योगाचे धडे घेतले. आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं तेव्हा त्यांनी योगाच्या क्रिया क्ष-किरणांखाली, रक्तदाबाच्या यंत्रापुढे नेल्या, मोजल्या, आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून जगापुढे मांडल्या. गुरूंवर एवढी श्रद्धा असलेला माणूस हातात मोजपट्टी घेतो, हे मला अतिशय मोलाचं वाटतं. श्वासाच्या नावाखाली वाटेल ते दावे ऐकू येतात तेव्हा मला डभोईचे गुणे आठवतात.

आणि दांडिया बाजारातलं ते घर, जिथे अरविंदबाबू, म्हणजे पुढचे योगी अरविंद, बडोद्याच्या नोकरीत असताना राहत. आजही लोक तिथे शांत बसायला जातात. त्यांनी बडोद्यातच प्राणायाम सुरू केला होता, रोज कित्येक तास करत. पण १९०८ च्या जानेवारीत, पुन्हा बडोद्यात आले असताना, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना जे सांगितलं ते फार वेगळं होतं. विचार बाहेरून येताहेत हे बघा आणि आत शिरण्याआधी त्यांना परत फेका. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. त्यांची वाट फार उंचावरची, माझं त्यातलं काही नाही. पण तिथेही नवीन काही आत भरायचं नव्हतं, बाहेर सोडायचं होतं, हे माझ्या मनात घर करून राहिलं.

कमाटीबागेत सकाळी गेलं की ठिकठिकाणी मंडळी कपालभाती करताना दिसतात. ज्यांना मानवतं त्यांनी जरूर करावी. पण रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी असे जोराचे झटके देऊ नयेत, श्वास फार वेळ कोंडूही नये. माझे आजोबा संध्या करताना नाक दाबून पूरक, कुंभक, रेचक करत, म्हणजे श्वास घेणं, कोंडणं, सोडणं. शास्त्रात त्याचं प्रमाण १:४:२ असं दिलेलं आहे. तो चारपट कुंभक वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे, पुस्तकात बघून सोमवारी सुरू करण्याजोगा नाही. रेचक मात्र पूरकाच्या दुप्पट, हे त्यातलंच, आणि तेवढं कोणालाही घेता येतं. झोपाळ्याने आम्हाला तेच दिलं. छातीत दुखत असेल, दम नेहमीपेक्षा वेगळा लागत असेल, तर फुंकर घालत बसू नये, दवाखाना गाठावा. भीती रोजचीच झाली असेल, झोप उडाली असेल, तर तिच्यासाठीही डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. श्वास हा आधार आहे, औषधाच्या जागी तो येत नाही.

मी काय करते? काळ्या घोड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली की दिवा हिरवा होईपर्यंत नुसती सोडण्याकडे बघते. बँकेत नंबर लागेपर्यंत ओठ मिटून, घशातल्या घशात भुंग्यासारखं ‘म्म्म’, इतकं हळू की शेजारच्या खुर्चीवरच्यालाही कळू नये. भ्रामरी प्राणायामात तरी निराळं काय आहे, गुणगुणायचं म्हणजे श्वास लांबवर सोडणं आलंच. रात्री अंथरुणावर पडल्यावर एक हात पोटावर, एक छातीवर. खालचा हात हलला पाहिजे, वरचा शक्यतो नाही. पाच-सात मिनिटं पुरतात. ज्यांच्या घरी झोपाळा नाही त्यांनी सावकाश चालताना पावलं मोजावीत, तीन पावलांत आत, सहात बाहेर. जमत नसेल तर दोन आणि चार. आकड्यात जीव अडकवू नये, सोडणं घेण्याहून लांब असलं म्हणजे झालं. आणि हे सगळं बरं चाललेलं असताना करावं. पुराच्या रात्री आईंना जमलं त्याचं एक कारण मला असं वाटतं की त्यांनी ७० वर्षं रोज तिन्हीसांजेला स्तोत्रं म्हटली होती. सोडणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, भीतीने फक्त त्याचा विसर पडला होता.

पुरानंतर खालच्या दारं-खिडक्यांसाठी सुतार आला होता. चांगला माणूस. जाताना वर आला, झोपाळा हलवून बघितला आणि न सांगता चारही कड्यांना तेल घालून गेला. त्या रात्री आई जेवून झोपाळ्यावर बसल्या, दोन-चार झोके घेतले आणि पाय टेकवून थांबल्या.

“आवाज कुठे गेला गं?”

मी सांगितलं, तेल घातलंय.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने बघते तर पाटावर बसूनच, मागे वळून, पदराच्या टोकाने डाव्या कडीचं तेल पुसत होत्या. मी स्टूल घेतलं, वर चढले आणि वरचा आकडाही पुसून घेतला. आवाज लगेच आला नाही. सर्वपित्रीच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघर आवरत होते तेव्हा वरून आला. कुर्र. मग पुन्हा एकदा. मी ओटा पुसता पुसता तशीच थांबले आणि दुसरी कुर्र होईपर्यंत श्वास सोडत राहिले.